कोण लागलंय मागं?

'पळणे' या क्रियापदाला मराठीत फारशी अब्रू नाही. पळपुटा, पळवाट, पळ काढणे, पळवून नेणे... सगळा मामला लाजेचा, नाहीतर पोलीस चौकीचा. त्याच्या सख्ख्या भावाला, म्हणजे 'धावणे'ला, मात्र मान आहे. अडचणीत माणूस धावून येतो. भक्त देवाचा धावा करतो. विहिरीवर मोट होती तेव्हा बैल ज्या उतारावरून खाली जायचे त्या वाटेला धाव म्हणायचे, आणि बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, तीही धावच. पाय दोन्हीकडे सारखेच लागतात. पण पळणारा स्वतःसाठी पळतो आणि धावणारा दुसऱ्यासाठी, असा काहीसा भेद आपल्या भाषेनं गुपचूप करून ठेवलेला आहे.

मग प्रश्न असा की सकाळी साडेपाचला बूट घालून घराबाहेर पडणारा माझ्यासारखा माणूस नक्की करतो काय? कुणाचं काही घेऊन जायचं नाही, कुणाच्या मदतीला जायचं नाही, कुणापासून सुटायचंही नाही. जिथून निघालो तिथंच तासाभरानं घामाघूम होऊन परत यायचं. याला पळणं म्हणावं की धावणं?

आमचं शहर या कामाला फार सोयीचं आहे. (शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर. २०२३ पासून अधिकृत नाव हे. १६५३ मध्ये औरंगजेबानं ठेवलेलं नाव औरंगाबाद, आणि १६१० मध्ये मलिक अंबरनं वसवलं तेव्हा खडकी.) मकाई दरवाजातून खाम नदी ओलांडली की बेगमपुरा, तिथून बीबी का मकबरा, आणि मकबऱ्याच्या मागून चढत जाणारा लेण्यांचा रस्ता. डावीकडे वळलात तर विद्यापीठाचा सातशे एकरांहून मोठा परिसर, सोनेरी महाल, गोगाबाबाची टेकडी. दिल्ली दरवाजाकडे गेलात तर सलीम अली सरोवर आणि हिमायतबाग. रविवारी हौस जास्त असेल तर छावणी, पडेगाव, मिटमिटा करत थेट दौलताबाद. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे नि जंगलाची ओढ आहे, त्यांच्यासाठी कन्नडचा घाट आणि गौताळा.

या वाटांवर बरीच वर्षं घाम गाळल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. यातली जवळजवळ प्रत्येक वाट कुणीतरी आपल्या आधी पायांनी तुडवलेली आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना तसं करायची हौस नव्हती.

दौलताबादच्या रस्त्यापासूनच सुरुवात करू. हा रस्ता किल्ल्याजवळ एका जुन्या दरवाजातून जातो. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की तिथं सगळं ठप्प. त्या दरवाजाचंही नाव दिल्ली दरवाजा. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी इथं देवगिरीला आणली, ती गोष्ट आपण शाळेत हसत हसत वाचली. लहरी महंमद वगैरे. पण राजधानी हलवायची तर दिल्ली आणि दौलताबाद यांच्यात निरोपांची ये-जा हवी. ती कशी चालायची, याचं वर्णन मोरोक्कोहून आलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलं आहे. १३४२ मध्ये दिल्लीहून निघून तो दौलताबादवरून पुढे गेला, म्हणजे ही वाट त्यानं स्वतः केलेली होती. दिल्लीपासून इथवर चाळीस दिवसांचा रस्ता आणि दुतर्फा झाडं, इतकी की बागेतून चाललोय असं वाटावं, असं तो म्हणतो.

टपाल दोन प्रकारचं होतं, घोड्यावरचं आणि पायी. पायी टपालासाठी दर कोसाला तीन चौक्या. चौकीवर कमर कसून माणसं बसलेली. निघणाऱ्याच्या एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, काठीच्या टोकाला तांब्याचे घुंगरू. तो जीव खाऊन धावत सुटायचा. घुंगरांचा आवाज पुढच्या चौकीला लांबूनच ऐकू जायचा, तिथला माणूस उठून तयार राहायचा, कागद आणि काठी हातात घ्यायचा आणि निघायचा. असं करत करत टपाल घोड्यांपेक्षाही लवकर पोचायचं! कागदच नव्हे, सुलतान दौलताबादला असताना त्याला प्यायला गंगेचं पाणीही माणसं घेऊन यायची.

या व्यवस्थेचं नाव बतूतानं 'दावा' असं लिहिलंय. अरबी कानानं ऐकलेला आपलाच 'धावा' तो, असं अभ्यासक मानतात. आता सांगा, सातशे वर्षांपूर्वी या रस्त्याच्या कामाचं नावच धावा होतं.

यातली मेख अशी की एका माणसाच्या वाट्याला कोसाचा तिसरा हिस्सा यायचा. कोसाची लांबी कमीजास्त धरली तरी साधारण एक किलोमीटर. तेवढंच, पण जीव तोडून. आणि मग परत येऊन बसायचं, पुढचे घुंगरू वाजेपर्यंत. रात्र असो, पाऊस असो. सुलतानाचं नाव राहिलं, प्रवाशाचं नाव राहिलं. घुंगरूवाल्यांपैकी एकाचंही नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण तिचा आमच्या शहराशी असलेला संबंध फारसा कुणी सांगत नाही. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते. नर्मदेच्या आसपास त्यांच्या फौजेला एक कासिद, म्हणजे पत्रवाहक, भेटला. त्याच्याकडची चिठ्ठी फोडली, आणि तीत मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेत भाऊसाहेब, विश्वासराव आणि सरदार गेल्याची बातमी होती. ही चिठ्ठी पाठ्यपुस्तकातून पाठ झालेली आहे. पण ती निघाली होती कुणाकडे? ग्रँट डफ सांगतो की तो कासिद सावकारांचा होता आणि पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबादला पोचायचा त्याचा करार होता!

म्हणजे मराठी इतिहासातली सगळ्यात दुःखद चिठ्ठी खरं तर आमच्या गावी यायची होती. औरंगाबाद तेव्हा निजामाची राजधानी होती, मोठी पेठ होती. सावकारांना लढाईचा निकाल सगळ्यांच्या आधी हवा असणार, कारण हुंड्या आणि दर त्यावर ठरणार. नऊ दिवस. पानिपत ते औरंगाबाद सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरच्या वर भरतं. रस्त्यानं अर्थातच त्याहून जास्त. दिवसाला एकशेदहा किलोमीटर पडले तरी कमीच धरलेत. आज कुणी असं अंतर तोडलं तर त्याला पदक देऊन फोटो काढतील. त्या कासिदाच्या चिठ्ठीतलं वाक्य अजरामर झालं, तो मात्र नर्मदेकाठीच इतिहासातून नाहीसा झाला.

जंगलाच्या वाटा याहून जुन्या. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. औट्रम हे नाव खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं, पण घाट त्याच्या कितीतरी आधीपासून चालता आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. माल मोठमोठ्या आडरानातून गाड्यांवर लादून खाली बंदराकडे जायचा. याच डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात दान देणारा पैठणचा मितदेव नावाचा गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. अत्तरवाल्याचं नाव दोन हजार वर्षं दगडात टिकलं. त्याची अत्तरं ज्यांनी वाहिली त्यांची नावं तिथं नाहीत.

गंमत म्हणजे ही वाट अजून बंद पडलेली नाही. २०२१ मध्ये गौताळ्यात वनविभागाच्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. तो यवतमाळच्या टिपेश्वरहून तीनशे किलोमीटरच्या वर चालत आला होता. शेतं, रस्ते, गावं ओलांडत. तोही हौसेनं आला नसावा. नवी जागा शोधत आला.

या डोंगराशी आमच्या घरचाही एक धागा आहे, नातेवाईक मंडळींना तो ठाऊक आहेच. माझ्या आईचे चुलते कन्नड तालुक्यात टपाल रनर होते. हैदराबाद संस्थानाचं टपाल वेगळं होतं, ते १९५० मध्ये भारताच्या टपालात मिळालं. पण त्यांच्या मते राज्य बदललं, थैली तीच राहिली. थैली खांद्यावर, हातात काठी, आणि घाटाखालच्या खेड्यांपर्यंत जाऊन संध्याकाळच्या आत परत. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे राहायला यायचे तेव्हा अंगणाच्या बाहेर चालत जायला साफ नकार द्यायचे. आयुष्यभराचं चालून झालंय म्हणायचे. मी नुकतीच पळायला सुरुवात केली होती. मी धापा टाकत परत आलो की ते बाजेवरून विचारायचे, "काय रे, कोण लागलंय मागं?"

मी हसायचो. तेही हसायचे. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांच्या हिशेबात माणूस दोनच कारणांनी पळतो. एक तर मागं कुणी लागलंय म्हणून, नाहीतर पुढं कुणी वाट बघतंय म्हणून. तिसरं कारण त्यांना परवडलेलं नव्हतं.

आता बागांकडे येऊ. हिमायतबाग सतराव्या शतकातली, मोगलांची बाग. सुमारे ३०० एकर. आज तिथं कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, आंब्याची जुनी झाडं आहेत, पक्षी आहेत. पण बाग ही मूळची कुणाची? मोगलांची बाग म्हणजे भिंत आणि दरवाजा. आतला गारवा मालकाचा, आणि आत राबणारे माळी नि पाणके. सर्वसामान्य माणसानं सकाळी उठून बागेत जावं, कुणाला न विचारता दोन फेऱ्या माराव्यात, ही कल्पनाच अगदी अलीकडची. बसस्थानकाजवळचं सिद्धार्थ उद्यान घ्या, सिडकोतल्या बागा घ्या. नगरपालिका, महानगरपालिका आल्या तेव्हा कुठं बागेचा दरवाजा आपल्यासाठी उघडला.

विद्यापीठाच्या मोकळ्या जमिनीचंही तसंच. विद्यापीठ स्थापन झालं १९५८ मध्ये. त्याआधी १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं होतं, मराठवाड्यातल्या ज्या मुलांना कुणी वर्गात घेत नव्हतं त्यांच्यासाठी. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून माणसं पायी निघाली, लाँग मार्च काढून, औरंगाबादकडे. नाव मिळालं ते १९९४ मध्ये, १४ जानेवारीलाच. म्हणजे पानिपतची तारीख. (योगायोग आहे, पण संक्रांतीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावरून जाताना दोन्ही आठवतात.) त्या द्वारातून रोज सकाळी आम्ही वजन कमी करायला आत शिरतो. त्याच द्वारासाठी लोकांनी किती चालावं लागलं ते लक्षात ठेवलेलं बरं.

तर सांगायचा मुद्दा असा की, या प्रदेशात शेकडो वर्षं धावणं म्हणजे काम होतं. पगाराचं, पोटाचं, नाहीतर हक्काचं. विनाकारण धावणं ही आमच्या पिढीतल्या काही लोकांना मिळालेली चैन आहे. मी चैन हा शब्द वाईट अर्थानं वापरत नाही. आपल्याकडे विनाकारण धावण्याची एक सुंदर रीत आहेच की. आषाढीच्या वारीत वेळापूरजवळ धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला असं सांगतात, आणि म्हणून हजारो वारकरी त्या उतारावरून धावत सुटतात. म्हातारी माणसं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सगळे. तिथं कुणी कुणाच्या मागं लागलेलं नसतं. पोचायची घाईही नसते, पंढरपूर अजून लांब असतं. तो निव्वळ आनंद. आमच्या रविवारच्या धावण्यात त्यातला थोडा तरी अंश असतो असं मला वाटतं.

पण चैन कुठली आणि गरज कुठली हे ओळखता यायला हवं. विद्यापीठाच्या रस्त्यावर किंवा टेकडीच्या पायथ्याशी पहाटे गेलात तर आमच्या आधी तिथं कोण पोचलेलं असतं? भरतीची मुलं. आणि आता मुलीही. सिल्लोड, कन्नड, पैठण, वैजापूर, शेजारचे जालना, बीड... कुठून कुठून येऊन शहरात खोली करून राहिलेली. एका खोलीत चार-पाच जण. पायात जे असेल ते. कुणाकडे साधं घड्याळ, कुणी मोबाईलवर वेळ लावतोय. पोलीस भरतीत शारीरिक चाचणीचे ५० गुण, त्यातले २० धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. दोन-चार सेकंदांनी गुण जातात, गुणानं यादी जाते, यादीनं वर्ष जातं. घरी जमीन किती आणि पाऊस किती हे विचारायची गरज नाही, मराठवाडा आहे.

या धावण्यात जीवही गेलेले आहेत. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले. पुढं अंतर कमी केलं गेलं. आजचं १६०० मीटर हे त्यानंतरचं. अंतर कमी झालं, पण त्या अंतरावर लागलेला जीव कमी झाला असं नाही. तुघलकाच्या चौकीवरचा माणूस आठवतो मला. त्याचाही टप्पा छोटाच होता.

यातूनच कधी एखादा वर येतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-धावत जायचा, कारण दुसरी सोय नव्हती. पुढं सैन्यात गेला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. घुंगरूवाल्यांच्या या मुलखातल्या एकाचं नाव शेवटी नोंदलं गेलं, तेही सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत! पण एका साबळेमागं किती मुलं यादीत नाव न आल्यानं खोली सोडून गावी परत जातात, ते रोज पहाटे धावणाऱ्यालाच दिसतं. जून उजाडला की कालपर्यंत दिसणारे चेहरे दिसेनासे होतात.

म्हणून शहरातली मोकळी जमीन हा मला हवापाण्याइतकाच या मुलांचा प्रश्न वाटतो. टेकडी पोखरली, बागेचा कोपरा कुठल्यातरी बांधकामाला गेला, मैदानावर कायमचा मांडव पडला, तर माझ्यासारख्याचं फारसं बिघडत नाही. मी जिमची फी भरीन आणि पट्ट्यावर पळेन. पंख्याखाली, टीव्ही बघत. त्या मुलीला ८०० मीटर कुठं मिळणार? रस्त्यावर? पहाटेच्या अंधारात, ट्रकच्या उजेडात, मोकाट कुत्र्यांच्या नि टवाळांच्या तावडीत? तिच्यासाठी विद्यापीठाचा हा रस्ता, ही टेकडी, ही बाग म्हणजे आरोग्याची सोय नाही. तीच तिची शाळा आणि तेच तिचं शेत. बागा वाचवा म्हणताना आपण ऑक्सिजन आणि पक्षी सांगतो. ते खरंच आहे, पण यादीत हेही लिहायला हवं.

आणि तोवर एक साधी गोष्ट आपल्या हातात आहे. आम्ही हौशी लोक चौघं-चौघं आडवे चालतो, धावतो, गप्पा मारतो, वाटेत थांबून सेल्फी काढतो. कानात गाणी असतात. मागून कुणी जीव खाऊन येत असतं आणि आम्हाला पत्ता नसतो. तुघलकाच्या रस्त्यावर घुंगरू वाजले की चौकीवरचा माणूस उठून उभा राहायचा. आता घुंगरू नाहीत, नुसता दम लागल्याचा आवाज येतो. तेवढा ऐकू येईल इतके कान मोकळे ठेवावेत, आणि डावीकडे सरकावं.

आजोबांच्या प्रश्नाला तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता एक सुचतं. मागं कोण लागलंय? माझ्यापेक्षा जास्त गरज असलेलं कुणीतरी. त्याला आधी जाऊ द्यायचं.